अणूंना सावरू द्या

बुद्धभूषणची आणि माझी ओळख झाली ती मी भांडायला गेले म्हणून. आमच्या संस्थेतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर सगळ्यांची कामं रांगेत लागतात, आणि माझ्या कामापुढे रोज एकच नाव ठाण मांडून बसलेलं... बुद्धभूषण. पीएचडी संपता संपत नव्हती, वाघोलीहून रोज बसचे धक्के, त्यात हे. मी तडक वरच्या मजल्यावर गेले.

“अहो, कॉम्प्युटर आपल्या घरचा आहे का?”

“घरचा असता तर विकून एसी घेतला असता.” त्याने मान वर केली. डोळे माझ्यासारखेच दमलेले, पण हसरे. “बसा. तुमचं काम पुढे घेतो.”

भांडायला गेलेली मी चहा पिऊन खाली आले.

हिंजवडीच्या नोकरीला कंटाळून आलेला हा माणूस आमचं सॉफ्टवेअर सांभाळायचा. पृथ्वीच्या पोटात, भयंकर दाबाखाली खनिज किती टणक राहतं, ते हे सॉफ्टवेअर सांगतं. स्फटिकाला किंचित दाबायचं आणि तो किती जोरानं परत ढकलतो ते मोजायचं. माझं खनिज मात्र ढकलेचना. दर वेळी उत्तर उणे, म्हणजे खनिज मोडलं. कित्येक महिने हेच चाललेलं. मीही मोडायच्या बेतात होते.

एका दुपारी त्याने माझी फाइल उघडली आणि कपाळाला हात लावला.

“पूर्वा, दाबल्यावर अणूंना नव्या जागी सावरू द्यायचं असतं. तो पर्याय तुम्ही बंद केलाय.”

“वेळ वाचतो म्हणून...”

“वाचतो ना. चुकीचं उत्तर लवकर मिळतं.”

रागवायचं सोडून मी हसले. किती दिवसांनी! आवडायला लागला होता तो मला. पण ते कबूल करायचंही त्राण नव्हतं.

तो पर्याय चालू करून काम पुन्हा रांगेत लावलं आणि आम्ही त्याच्या बाइकवर खडकवासल्याला गेलो. पाण्यावरून गार वारा येत होता. तिखट-मीठ चोळलेलं कणीस त्याने माझ्या हातात दिलं... आणि बोटं तिथेच राहू दिली.

“बंगळूरची नोकरी आलीये. उद्या कळवायचंय. तू थांब म्हणालीस तर... थांबतो.”

तो ‘तू’ ऐकून ‘थांब’ म्हणावंसं वाटलं. पण डोक्यात थिसिस, सरांचे टोमणे, आईचं ‘कधी संपणार गं?’ आणि वर हे!

“जा तू,” मी म्हणाले. “मला आता आणखी काही झेपणार नाही.”

“बरं.” त्याने मला येरवड्याला बसमध्ये बसवून दिलं आणि बाइक वळवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. उणे नव्हतं! दाब तोच, उष्णता तीच, तरी खनिज टिकलं होतं. अणूंना सावरायला वेळ मिळाला, एवढाच काय तो फरक. सगळ्यात आधी त्याला सांगावंसं वाटलं, आणि मग आठवलं की मीच त्याला जा म्हटलंय. जिने चढत मी पळत सुटले.

“मेल पाठवलास?”

“पाठवतोय.”

“नको पाठवू.” मला धाप लागली होती. “काल मी घाईत चुकीचं उत्तर दिलं.”

“आणि आज?”

“आजही दमलेय. उद्याही दमलेली असेन. पण... तू हवायस मला.”

त्याने लिहिलेला मेल पुसून टाकला. मग अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, “उत्तर पक्कं ना? की परत रांगेत उभा राहू?”

मी त्याच्या शेजारची खुर्ची ओढली.

“रांगेत तू एकटाच आहेस.”