सात अंशांची चूक

हाताने चाक फिरवून चालवायचं मिलिंग मशीन बघायचं तर आता वस्तुसंग्रहालयात जावं लागे. हाताने केलेला माल कुठलीच कंपनी घेत नव्हती. म्हणून कोल्हापूरच्या अभिनंदन चौगुलेने घरामागच्या शेडमधलं वडिलांचं मशीन अखेर संगणकाच्या ताब्यात दिलं. चाकं काढली, जुने स्क्रू उपसले, त्यांच्या जागी मोटारी आणि गुळगुळीत बॉलस्क्रू बसवले. जुनं सगळं भंगारात घातलं आणि वर पेढे वाटले.

थोरली बहीण पद्मजा पेढा तोंडात टाकत म्हणाली, "माझी बिजागरी तेवढी करून मग घालायचं होतंस की रं भंगारात."

"आता बटण दाबलं की झाली, आक्का. बस निवांत."

आक्काचा डावा गुडघा लहानपणी मोडला आणि वाकडाच जुळला. पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराचा लोखंडी सांगाडा. त्याची पोलादी बिजागरी अभिनंदन हाताने करायचा, मुद्दाम सात अंश बाहेर झुकवून. तिच्या जोरावर आक्का मार्केट यार्डात ढिगामागून ढीग चालत गुळाचे सौदे पुकारायची. तीच बिजागरी आता तडकली होती.

अभिनंदनने सात अंशांचा आकडा दिला. मशीनने झकास बिजागरी कापली. सरळ! पडद्यावर अक्षरं आली : 'चूक सुधारली.' पुन्हा आकडा दिला, पुन्हा सरळ. मग त्याने शिकंज्यात धरलेल्या लोखंडाखाली एका बाजूने पट्टी सारली. मशीनची मोजमापाची सुई आली, चाचपून गेली, तिरकेपणा हेरला आणि कटरने तोही पुसून टाकला.

त्याने मशीनचा संगणक पुरवणाऱ्या कंपनीच्या शास्त्रज्ञ डॉ. काळसेकरांना फोन लावला.

"त्याला हेतुवेध म्हणतात," बाई म्हणाल्या. "माणसाच्या मनात एक आकडा असतो, बोटातून दुसराच पडतो. मशीन मनातला ओळखतं. जगातली सगळी मशीनं एकमेकांकडून शिकतात. लाखो बिजागऱ्या सरळ असताना एक वाकडी आली, तर ती चूकच धरणार."

"अहो, पण माझ्या मनात वाकडीच हाय!"

"चुकणारा प्रत्येक जण हेच म्हणतो."

"मग बंद करा ते."

"बोट आडवं आलं की कटर थांबतो ना? तीही हीच अक्कल. ही गेली की तीही गेली. मी तुटलेली बोटं पाहिलीत, चौगुले. बंद करणार नाही."

"शिकवा तरी त्याला."

"हजारभर वाकडे गुडघे आणा."

"माझी आक्का एकच हाय हो."

"तीच अडचण आहे."

आक्का मागून ओरडली, "विचार तिला, माझा पाय कुणाची चूक म्हणावं!"

फोन कटला. शहाण्या माणसांना अडचणीचा प्रश्न आला की रेंज जाते.

अभिनंदनने मोटार सोडवून बॉलस्क्रूला हँडल ठोकलं. पण हा स्क्रू जुन्यासारखा धरून ठेवत नाही. कटरचा धक्का बसला की टेबल सरकायचं. लोखंड वाया गेलं, हात थोडक्यात वाचला.

दवाखान्यात उत्तर तयार होतं. गुडघा सरळ करू, फुकट करू, मशीनच करतं.

"नको, आक्का. दुसरं काहीतरी बघू."

"काय बघणार? गुळाचा हंगाम तोंडावर आलाय. लोखंड वाकत नाही म्हटल्यावर हाडानंच वाकायचं, दुसरं काय?"

आक्काचा पाय काठीसारखा सरळ झाला. मशीनने कापलेली, कपाटात पडलेली पहिलीच सरळ बिजागरी कानस न लावता बसली. पण जन्मभर वाकड्या पायाशी जुळवून घेतलेली कंबर आता बिथरली. आक्का दोन ढीग चालायची आणि कमरेवर हात ठेवून खाली बसायची. तिसऱ्या ढिगाचा सौदा दुसराच कुणीतरी पुकारायचा. दवाखाना म्हणाला, कंबर चुकीची आहे. तीही सरळ करू.

त्या दिवशी अभिनंदनने मशीन सुरू केलं. पडद्यावर बिजागरी कापल्यापासूनचा प्रश्न अजून थांबलेला होता : 'भाग व्यवस्थित बसला का?'

शेजारच्या खुर्चीत आक्का कंबर चोळत बसली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि 'नाही' दाबलं.

पडद्यावरचं 'नाही' पुसलं गेलं.

'चूक सुधारली : होय.'