रुमालाला न कळलेली शांतता

प्रांजलीचा रंग हिरवा झाला तेव्हा सुवर्णा एका शालूला फॉल लावत होती. शिवणयंत्राशेजारी टेकवलेल्या फोनवर गावातल्या बाळंतिणींची नावं होती आणि प्रत्येक नावापुढं एक ठिपका. प्रांजलीचा ठिपका गेले कित्येक दिवस पिवळा होता. परवा तर तो तांबड्याच्या अगदी काठावर आला होता. आता मात्र तो कोवळ्या पानासारखा हिरवा दिसत होता.

तिनं शेजारच्या गिरणीतून राबियाला बोलावून फोन दाखवला. राबियाही तिच्यासारखीच सोबतीण होती. पिठाचे हात पदराला पुसत ती म्हणाली, सुटली बिचारी एकदाची, आता पेढे आण. सुवर्णा हसली आणि तिनं पुन्हा सुईत दोरा ओवला.

बाळंतिणीनं कान बांधायचे, ही चाल जुनीच. वारा लागू नये म्हणून डोक्याला रुमाल गुंडाळलेली बाई कुणाच्या नजरेत खुपत नाही. हे ओळखून संशोधकांनी मन वाचणारं यंत्र त्या रुमालातच विणलं होतं. कानामागं येणाऱ्या कडेला चांदीचा मुलामा दिलेले धागे होते. झोपेतल्या मेंदूच्या विद्युतलहरी, नाडी आणि आवाजातले चढउतार ते टिपत. शब्द मात्र ऐकत नसत. बाळंतपणानंतर मन खचू लागलं, तर बाईला स्वतःला उमगायच्या आधी रुमालाला ते कळे आणि गावातल्या सोबतिणींच्या फोनवर रंग बदले. मग त्यांच्यातली एक त्या घरी जाई. जायचं, बाळाला घ्यायचं, आईला झोपू द्यायचं. उपदेश करायचा नाही, एवढीच शिकवण होती. औषधोपचाराचं डॉक्टर पाहत.

प्रांजलीला आई नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती गडहिंग्लजजवळच्या या गावी भावाकडं आली आणि मुलगी झाल्यावर सुवर्णाच्याच अंगणात जास्त वावरली. सव्वा महिन्यानं ती घाटाखाली कोकणात सासरी गेली. नियमानं तिचा ठिपकाही तिकडच्या सोबतिणींकडं जायला हवा होता. पण त्यासाठी आईची संमती लागे, आणि प्रांजलीनं ती दिली नाही.

"तिकडच्या सोबतिणींत माझी जाऊ आहे, काकी," निघायच्या दिवशी ती म्हणाली होती. "भिंतीला भिंत लागून घर. आमच्या वाडीत एकीला असंच झालं होतं. विश्रांतीला म्हणून माहेरी धाडली, मूल ठेवून घेतलं. दोन वर्षं झाली. तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?"

सुवर्णानं शब्द दिला. रोज फोनवर बोलू, अडलं तर धावत येऊ, असं तिला वाटलं होतं. घाट मध्ये आहे, हे तिनं तेव्हा मनावर घेतलं नाही. सासूला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सून अजून कान बांधते, वाऱ्याला जपते, याचं ती चारचौघींत कौतुक करायची.

शालूची एक कड संपल्यावर सुवर्णानं प्रांजलीला फोन लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला. आवाज मोकळा होता. रात्री झोप लागल्याचं तिनं सांगितलं. नवऱ्याचं जहाज दूर होतं, पण त्यालाही सकाळी निरोप पाठवला होता. वरचं दूध बाळाला सोसलं होतं. किती कोमट करायचं ते सासूला दाखवलं होतं आणि त्यांना ते छान जमत होतं.

"तुम्ही माझ्यासाठी फार केलंत, काकी," ती म्हणाली. "तो निळा फ्रॉक शिवताय ना, तो जरा मोठा शिवा. वर्षाची झाली की बसेल, असा."

फोन ठेवून सुवर्णानं राबियाला सगळं सांगितलं. राबिया म्हणाली, मोठं शिवायला सांगितलं त्यात काय, पोरं वाढतातच. ते खरंच होतं. पण गेले कित्येक दिवस जिला उद्याची सकाळ सुचत नव्हती, ती एका रात्रीत वर्षापुढचं बोलत होती. आणि त्या वर्षात ती स्वतः कुठंच दिसत नव्हती.

तिनं तालुक्याच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नाझनीन मुल्लांना फोन केला. त्यांनी काही प्रश्न विचारले. औषध सुरू झालं होतं का? नाही, कुणी पाहील म्हणून प्रांजलीनं ते घेतलंच नव्हतं. घरात काही बदललं होतं का? तेही नाही.

"मग ही शांतता आली कुठून?" डॉक्टर म्हणाल्या. "सुवर्णाताई, माणूस बरं झालं की मन शांत होतं. आणि कधी कधी माणसानं ठरवून टाकलं की, तेव्हाही होतं. ओढाताण थांबते ना. रुमालाला दोन्ही सारखंच दिसतं. आम्हाला अजून त्यांतला फरक त्याला शिकवता आलेला नाही."

"मी निघते तिकडं."

"निघा. पण पोहोचायला तीन तास लागतील. तांबडा असता तर संमती नसतानाही यंत्रणेनं जवळच्या सोबतिणीला आपोआप कळवलं असतं. हिरव्यावर ती कुणालाच हलवणार नाही. तुम्हालाच कळवावं लागेल. मी तिकडच्या रुग्णालयाशी बोलते."

सुवर्णानं पुन्हा प्रांजलीला फोन लावला. या वेळी तो नुसताच वाजत राहिला. ठिपका हिरवाच होता. प्रांजली आंघोळीला गेली असेल, बाळाला थोपटत असेल. तसं असेल तर आपण एका फोननं तिचं घर मोडू, हा विचार सुवर्णाच्या मनात आला आणि तिथंच अडकून राहिला. राबियानं तोवर आपल्या भावाची गाडी दारात आणवली होती. सुवर्णानं तिकडच्या सोबतिणींच्या यादीतून प्रांजलीच्या जावेचा, अस्मिताचा नंबर काढला आणि शब्द मोडला.

अस्मिताला आधी काही कळेना. प्रांजली वहिनींचं नाव आमच्याकडं नाही, त्या तर बऱ्या आहेत, सकाळीच सगळं घर सारवल्यासारखं लख्ख केलंय, असं ती सांगू लागली. मग बोलता बोलता स्वतःच्याच शब्दांशी अडखळली. चपला न घालता धावणाऱ्या पावलांचा आवाज फोनमधून सुवर्णाला ऐकू आला. दार वाजलं. धापा टाकत अस्मिता सांगत गेली. बाळ सासूच्या खोलीत झोपलं होतं, न्हाऊ घातलेलं, पावडर लावलेलं. उशाशी रुमाल घडी करून ठेवला होता. मागचं दार उघडं होतं.

"चिरेखाण," अस्मिता म्हणाली, आणि फोन बंद झाला.

घाटात रेंज नव्हती. वळणावळणावर सुवर्णा फोन खिडकीबाहेर धरत होती. राबिया गाडी चालवत होती आणि काहीतरी पुटपुटत होती, ती प्रार्थना असावी. रुमाल डोक्यावरून उतरला होता, तरी शेवटचा रंग पडद्यावर तसाच राहिला होता. सुवर्णानं फोन पालथा ठेवला.

त्या पोहोचल्या तेव्हा दोघी जावा खाणीच्या काठावरच बसल्या होत्या. जांभ्याचे चिरे काढून काढून खोल गेलेल्या त्या खाणीत हिरवंगार पाणी साचलं होतं. अस्मिताच्या तळपायातून रक्त येत होतं. तिनं प्रांजलीच्या ओढणीचं टोक मुठीत गुंडाळून धरलं होतं. इतका वेळ ती तशीच बसून होती. उपदेश करायचा नाही, हे तिला शिकवलेलं होतं आणि दुसरं काही सुचतही नव्हतं.

सुवर्णा समोर बसली तेव्हा प्रांजलीनं तिच्याकडं पाहिलं.

"शब्द दिला होतात तुम्ही."

"हो," सुवर्णा म्हणाली. तिनं प्रांजलीला उठायला हात दिला.

सगळ्या घरी आल्या. ओटीवर सासू नातीला उराशी धरून उभी होती. तोवर तिला रुग्णालयाच्या फोनवरून सगळं कळलं होतं. दुसऱ्या गावी गेलेली रुग्णालयाची गाडी आत्ता कुठं इकडं निघाली होती. आई आणि बाळ दोघांना एकत्र दाखल करून घेऊ, घरच्यांची ना नसेल तर, असं डॉ. मुल्लांनी कळवलं होतं.

"इतके दिवस माका कोणीच कसा सांगूक नाय?" सासूनं विचारलं. तिचा आवाज रागाचा होता की भीतीचा, हे सुवर्णाला ओळखता आलं नाही. अस्मितानं पुढं होऊन बाळासाठी हात पसरले. सासू एक पाऊल मागं सरली आणि तिनं दुपटं आणखी घट्ट केलं.

बाळ जागं झालं आणि रडू लागलं. क्षणभरानं प्रांजलीच्या कुर्त्यावर दोन ओले डाग उमटले आणि पसरत गेले. रडणं कानावर पडलं की दूध उतरतं. शरीर त्यासाठी मनाला विचारत नाही. ती पायरीवरच थांबली होती. तिचे हात अंगालगत होते, जणू ते पुढं करण्याचा हक्क आपण गमावला आहे.

"आई," ती म्हणाली, "मी घेऊ का तिला?"

सासूनं सुवर्णाकडं पाहिलं, मग अस्मिताकडं. बाळ रडत होतं, आणि उत्तर कुणी द्यायचं, हे त्यांतल्या एकीलाही माहीत नव्हतं.