महादेव मास्तरांची बाटली

१९५६ साल. मे महिना अर्धा सरला होता. पनवेलच्या शाळेच्या मागच्या भिंतीवर बसून चंद्रावती आणि तिचा धाकटा भाऊ कमळाकर खाडीत पोहायला कधी जायचं यावरून भांडत होते. तेवढ्यात चंद्रावतीच्या वर्गातली भामा धावत आली. रोडपालीहून तासाभराची वाट ती उन्हात अनवाणी आली होती.

"आयेला मास्तरांनी धरलंय!" ती रडतच म्हणाली.

"कुठल्या मास्तरांनी?"

"महादेव मास्तरांनी!"

कमळाकर भिंतीवरून पडता पडता वाचला. रसायनशास्त्राचे महादेव मास्तर तर माघातच वारले होते!

भामाची आई रंभा मिठागरावर कामाला होती. तिथल्या बायका दिवसभर खाऱ्या पाण्यात उभ्या असत, आणि त्यांचे पाय ठणकत. म्हणून मास्तर दर उन्हाळ्यात शाळेच्या प्रयोगशाळेत दुखण्यावरचं तेल बनवत आणि भल्या पहाटे त्यांच्या दारात बाटल्या ठेवून जात.

"काल आमच्या दारात बाटली व्हती," भामा म्हणाली. "तीच बाटली, तोच वास! आयेनं पायांना चोळलं आन् पाय भाजल्यागत झालं. भगत म्हनतो, मेलेल्या मानसाचं देनं घ्यायचं नसतं. आज दिवेलागनीला तो आयेच्या पायांना तापल्या विळ्यानं डाग देनार हाय!"

रस्त्यावर माणूस नव्हता, कावळासुद्धा नव्हता. आणि त्या शांततेत प्रयोगशाळेच्या बंद खिडकीतून एक वास आला. औषधी, गोडसर, थंड. मास्तर वर्गात यायचे तेव्हा त्यांच्या आधी दारातून येणारा वास!

"ताई, घरी जाऊ या," कमळाकर कुजबुजला.

पण चंद्रावती प्रयोगशाळेकडे निघालीसुद्धा. पुढच्या दाराला कुलूप होतं. आत काच वाजली. चंद्रावतीनं फटीला डोळा लावला. मास्तरांचा पांढरा डगला आत हळूहळू फिरत होता. अगदी त्यांच्यासारखाच, पाठीत वाकून!

मग फस् फस् असा आवाज आला.

"थांबा," ती म्हणाली. "भुताला स्टोव्हला पंप मारावा लागतो?"

भामानं वाट पाहिली नाही. मागचं दार तिनं खांद्यानं ढकललं. डगला किंचाळला! आत शाळेचा म्हातारा शिपाई काशिराम होता.

"हेडमास्तरांना सांगू नका, पोरांनो! नोकरी जाईल माझी."

"काशिरामकाका, तुम्ही?"

"मग काय करू? मास्तर गेले म्हणून बायांनी कण्हत बसायचं? अठरा वर्षं बघितलंय मी. ही पांढरी पूड, हे स्पिरिट, वर थोडं अ‍ॅसिड. गरम पाण्यात ठेवायचं, वास सुटला की खोबरेलात कालवायचं!"

"आणि धुवायचं कधी?" चंद्रावतीनं विचारलं.

"तेल कोणी धुतं का गं, येडे?"

तिनं ओली निळी लिटमसची पट्टी तेलात बुडवली. पट्टी लालभडक झाली.

"यात अ‍ॅसिड तसंच राहिलंय, काका! मास्तर वर्गात सांगायचे, तयार झालेला पदार्थ शुद्ध केल्याशिवाय हातात घ्यायचा नाही. सोड्याच्या पाण्यानं धुवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत."

काशिराम मटकन स्टुलावर बसला. "वास सुटला की मास्तर म्हणायचे, काशिराम, आता चहा टाक. मी कप घेऊन येईपर्यंत तेल तयार असायचं." त्यानं तोंडावर हात ठेवला. "अठरा वर्षं मी त्याच वेळी चहा करत होतो!"

"आता गावात येऊन हे सांगा," भामा म्हणाली. "आमचं पोरांचं कोन ऐकनार?"

"सगळ्यांपुढं? मग हेडमास्तरांना कळायचं राहील का?"

"आयेचे पाय जातील, काका."

काशिरामनं डगला काढला, टोपी घातली आणि सोड्याची बरणी उचलली.

ते पोचले तेव्हा विळा निखाऱ्यात लाल झाला होता. रंभा भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती.

"भूत नाय कुठलं!" काशिराम अंगणातूनच ओरडला. "बाटली मी ठेवली. चूक माझी हाय!"

"मेलेला मानूस वदवतो तसं बोलतोय ह्यो," भगत म्हणाला.

"बरं," चंद्रावती म्हणाली. "भगतबाबा, तुम्ही भुताला भीत नाही ना? मग हे तेल तळहातावर घ्या."

भगतानं हात चटकन पाठीमागे नेला. अंगणात जमलेल्या बायका हसल्या!

भामानं बाटलीत सोड्याचं पाणी ओतलं. तेल फसफसून उसळलं. पुन्हा ओतलं, थोडंच फसफसलं. तिसऱ्यांदा काहीच नाही. चंद्रावतीनं सोबत आणलेली लिटमसची नवी पट्टी बुडवली, ती निळीच राहिली.

"विळा ठेव खाली," रंभा हळूच म्हणाली. "मी डाक्टरकडं जानार."

बैलगाडीतून तिला पनवेलला आणलं. डॉक्टरांनी पाय धुऊन मलमपट्टी केली. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी काशिरामला भरपूर झापलं आणि शेवटी म्हणाले, "पुढच्या वर्षी चोरून नको. मी समोर उभा राहीन." मग ते मुलांकडे वळले. "महादेव मास्तर असते, तर आज तुम्हाला पैकीच्या पैकी दिले असते!"

काशिराम १९६४ साली निवृत्त झाला. तोवर दर उन्हाळ्यात तेल त्यानंच केलं. कमळाकर रसायनशास्त्रात दोनदा नापास झाला आणि कापडाच्या दुकानात सुखी झाला. चंद्रावती साताऱ्याला सून म्हणून गेली आणि तिथल्या शाळेत तीस वर्षं शिकवत राहिली. भामा अलिबागला नर्स झाली. पुढे मिठागरं बुजवली, तेव्हा रंभा म्हातारी झाली होती. शेवटचं मीठ ओढून ती स्वतःच्या पायांनी घरी आली. त्या पायांवर अ‍ॅसिडचे दोन-तीन पांढुरके चट्टे होते. विळ्याचा डाग एकही नव्हता.