नेल्सोमामाने ब्रेक दाबला होता का?

हसायचं असेल तर खुशाल हसा. मी तिथे नसतो तर मीही हसलो असतो. पण हेडफोन माझ्या कानांवर होते, आणि जे ऐकलं ते खरं आहे.

रात्र नव्हती. भर दुपार होती. जानेवारी महिना, म्हणजे आमच्याकडे, दक्षिण गोलार्धात, ऐन उन्हाळा.

आमचं गाव सांता फे प्रांताच्या सपाट मैदानात, रफाएला शहराच्या थोडं उत्तरेला. जेवणं झाली की दारं-खिडक्या बंद. कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. लहानपणी आई बजावायची, "दुपारी रस्त्यावर जायचं नाही. दुपार मोकाट असते."

अतिलियोमामा आपला पॉडकास्ट दुपारीच रेकॉर्ड करायचा. रात्री बेडूक ओरडतात, सकाळ-संध्याकाळ मोटारसायकली. दुपारी मात्र टाचणी पडली तरी ऐकू येते.

मामा जुना रेसर. शर्यती सोडल्या आणि त्याला घर खायला उठलं. मग घरामागच्या गॅरेजच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, टेबलावर दोन माइक लावले आणि गाड्यांवर बोलायला लागला. मी रेनातो, त्याचा भाचा. आवाजाचं काम माझं. मामा तोंडाचा फाटका. "आजकालची पोरं गाडी चालवत नाहीत रे, गाडीत बसून सहलीला जातात!" असलं काहीतरी बोलायचा, आणि लोक जीव टाकायचे त्याच्यावर.

एकाच माणसाबद्दल तो कधी बोलला नाही. नेल्सोमामाबद्दल.

नेल्सोमामा त्याचा थोरला भाऊ. तोही रेसर. त्या काळी आमच्याकडच्या शर्यतीत चालकाच्या शेजारी मेकॅनिक बसायचा. नेल्सोच्या शेजारी नेहमी अतिलियो.

फक्त एक दिवस सोडून.

त्या दिवशी गाडी तपासायला गावाबाहेरच्या रस्त्यावर निघाले होते. नेल्सो म्हणाला, "आज तू उतर." का, ते सांगितलं नाही. अतिलियो उतरला. गाडी धान्याच्या उंच कोठारांपुढून गेली आणि निलगिरीच्या वळणावर सरळ झाडांत घुसली.

रस्त्यावर ब्रेकची खूण नव्हती.

त्याच सुमारास नेल्सोचं तान्हं बाळ गेलं होतं. गावानं दोन्हीची गाठ मारून टाकली. मुद्दाम घातली म्हणे गाडी. एल्विरामामी, म्हणजे नेल्सोची बायको, तेव्हापासून चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायची. कुणी काही विचारू नये म्हणून आधीच उठून निघायची. असं तिचं आयुष्य गेलं.

तर त्या जानेवारीत मी एक भाग ऐकत बसलो होतो. मामा बोलतोय. आणि त्याच्या आवाजामागे...

एक घरघर.

मला वाटलं, माशी असेल. पंखा असेल. पण पंखा आम्ही बंद ठेवायचो.

आवाज मोठा केला.

ते इंजिन होतं. लांबून येत होतं... जवळ येत होतं... आणि मध्येच तुटत होतं.

रेकॉर्ड करताना आमच्यापैकी कुणीही ते ऐकलं नव्हतं.

मी मामाला बोलावलं. "मामा, हे काय घुसलंय बघ." तो माते, म्हणजे आमच्याकडचा नळीनं ओढायचा कडू चहा, पीत होता. त्यानं नळी तोंडात ठेवूनच हेडफोन लावले. मग हळूच मातेचा पेला खाली ठेवला.

"पुन्हा लाव."

लावलं.

"पुन्हा."

"मामा, कुणाची तरी गाडी असेल रस्त्यावर."

"दुसऱ्यावरून तिसरा गिअर टाकताना अडखळतोय, ऐकलंस? लहानपणी घोड्यावरून पडला होता. मनगट कधी नीट बसलंच नाही." मामाचा चेहरा पांढरा पडला होता. "नेल्सो आहे हा."

पुढच्या रेकॉर्डिंगलाही तेच. त्याच्या पुढच्यालाही. दर वेळी गाडी तशीच यायची. मामा डोळे मिटून बोटानं टेबलावर रस्ता काढायचा. "हा पूल... इथे तिसरा... आता चौथा... ही कोठारं आली... आता वळण..."

आणि तिथेच सगळं बंद.

वळणाच्या जरा आधी. दर वेळी.

मामानं पाहुणे बोलावणं सोडलं. शर्यतींवर बोलणं सोडलं. श्रोते विचारत होते, अतिलियो आजारी आहे का? मामा जेवण झालं की गॅरेजमध्ये जायचा, दार लावून घ्यायचा आणि माइकला तोंड लावून भावाशी बोलायचा.

एकदा मी दाराबाहेरून ऐकलं.

"एकदा दाब रे. एकदाच दाब. मला ऐकू दे. मी मेल्यावर आईला काय सांगू?"

सत्तरीचा माणूस. हुंदके देत होता. मला आत जायचं धाडस झालं नाही.

शेवटी ही गोष्ट एल्विरामामीच्या कानावर गेली. एका दुपारी ती उन्हातून एकटीच चालत आली. काळा ड्रेस, हातात पर्स, चर्चला निघाल्यासारखी.

"अतिलियो, माझा नवरा तुझ्याकडे येतो म्हणे."

मामा उठून उभा राहिला. "वहिनी, तुम्ही नका ऐकू."

"चाळीस वर्षं गावाचं ऐकलं. आता त्याचं ऐकू दे. ए रेनातो, ते कानाला लावायचं दे इकडे."

मी तिला पाहुण्याच्या खुर्चीत बसवलं. तिघांनीही हेडफोन लावले. माइक चालू केले.

तिघंही कान देऊन बसलो.

मामीच्या श्वासाचा आवाज. मामाच्या घड्याळाची टिकटिक.

आणि मग...

घरघर.

या वेळी ती नंतर लावलेल्या रेकॉर्डिंगमधली नव्हती. आत्ता, या क्षणी, कानात येत होती.

मामीनं माझा हात धरला. तिची नखं रुतली.

पूल. तिसरा गिअर, तीच अडखळ. चौथा. इंजिन किंचाळत होतं. कोठारं...

मी श्वास रोखला. आता बंद होणार.

नाही झालं.

खट्. चौथ्यावरून तिसरा. तिसऱ्यावरून दुसरा. आणि टायरची लांब, कान फाडणारी किंकाळी.

"दाबला!" मामी ओरडली. "अतिलियो, दाबला त्यानं! ऐकलंस ना? दाबला!"

मामा टेबलावर डोकं टेकून रडायला लागला.

मी मात्र आदळण्याची वाट बघत होतो.

तो आवाज आलाच नाही.

गाडी थांबली होती. पण इंजिन चालूच होतं... संथ... धडधड... धडधड... आणि ते लांबून येत नव्हतं.

मी हेडफोन किंचित वर उचलले. खोलीत काहीही नाही. मेल्यासारखी शांतता. परत कानावर ठेवले. गाडी जणू आमच्या टेबलाशी उभी.

मग...

दाराची कडी वाजली. गाडीच्या दाराची.

मामानं डोकं वर केलं. चेहऱ्यावर रडणं नव्हतं. हेडफोन काढून त्यानं टेबलावर ठेवले, उठला आणि खोलीच्या मोकळ्या कोपऱ्याकडे चालायला लागला. तिथे पोचल्यावर तो वाकला. मान आत घालून, एक पाय आधी टाकून...

बुटक्या गाडीत माणूस बसतो तसा.

"मामा!"

मी धावत जाऊन त्याला कमरेला मिठी मारली. त्याचं अंग बर्फासारखं गार होतं. बाहेर रस्ता वितळत होता, आणि हा माणूस गार!

"सोड रेनातो. थांबलाय तो माझ्यासाठी."

"मामा, कुणी नाहीये तिथे!"

"सोड म्हणतो ना!"

म्हाताऱ्यात एवढा जोर कुठून आला, देव जाणे. तो मला ओढत होता. नाही, खोटं कशाला बोलू? तो ओढत नव्हता. आम्हा दोघांना दुसरंच कुणीतरी ओढत होतं.

तेवढ्यात मामी उभी राहिली. हेडफोन अजून तिच्या कानांवर होते. तिनं माइक दोन्ही हातांत धरला आणि घरच्या माणसाला झापावं तशी झापायला लागली.

"नेल्सो! मी आहे. एल्विरा. ऐक माझं. त्या दिवशी तूच उतरवलंस ना ह्याला? मग आज कशाला बसवतोस? राहू दे त्याला. तुला सोबत हवी असेल तर मी आहे. पण ह्याला राहू दे!"

मामाचं अंग एकदम सैल पडलं. आम्ही दोघं जमिनीवर कोसळलो.

मामी तशीच उभी. ऐकत होती. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. तिनं एकदा मान हलवली. मग अगदी हळू म्हणाली, "बरं."

हेडफोन काढले, पर्स उचलली आणि आली तशी उन्हात निघून गेली.

नंतर मी रेकॉर्डिंग लावून बघितलं. सगळं कोरं. इंजिन नाही, किंकाळी नाही. आमचेही आवाज नाहीत. आम्ही त्या खोलीत बसलोच नव्हतो जणू.

गाडी पुन्हा कधी आली नाही.

मामी त्यानंतर चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायला लागली. कुणी डोळे वटारले तर ती डबल वटारायची. मामा मात्र खंगत गेला. रोज तिच्या दारात जाऊन बसायचा.

"वहिनी, काय म्हणाला तो? मला का उतरवलं होतं?"

"जेवलास का?"

"वहिनी, पाया पडतो."

"आधी जेव."

एवढंच. कधीच सांगितलं नाही.

मागच्या आठवड्यात मामीला दवाखान्यात हलवलं. मी भेटायला गेलो तेव्हा तिनं मला जवळ ओढलं. आवाज पार खोल गेला होता.

"रेनातो, माझी शपथ आहे तुला. मला पुरायला न्याल तेव्हा अतिलियोला कुठल्याच गाडीत बसू देऊ नकोस. पायी आण. उचलून आण. पण गाडीत नाही."

"का गं मामी?"

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

काल ती गेली. आमची दफनभूमी त्याच रस्त्यावर आहे, निलगिरीच्या वळणापलीकडे. उद्या दुपारी निघायचंय. मामाचे गुडघे कधीच गेलेत, एवढं अंतर तो चालू शकत नाही. मी त्याला म्हटलं, तू घरीच थांब. तो ऐकायला तयार नाही.

आता मी हे लिहितोय आणि तो शेजारच्या खोलीत बूट पुसतोय. मघाशी दारात येऊन उभा राहिला होता. कितीतरी दिवसांनी चेहरा उजळलेला.

"रेनातो," म्हणाला, "उद्या ड्रायव्हरशेजारी मीच बसणार हं. त्यानं सांगितलंय."

कुणी सांगितलं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.