सेल्फ नसलेली अ‍ॅम्बेसेडर

यातलं काहीच मी रंगवून सांगत नाहीये. अब्बांचा डावा पाय आजही नीट टेकत नाही. याहून वेगळा पुरावा माझ्याकडे नाही.

एकोणीस ऑगस्ट, मागच्या वर्षीचा. जागा नाटे, राजापूर तालुका. जेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

मी आफरीन. माझे अब्बा गुलाम रसूल वीस वर्षं बाहेरगावी जहाजांवर इलेक्ट्रिशियन होते. आता त्यांचा हात थरथरतो, म्हणून वायरिंग मी करते आणि ते शेजारी उभं राहून चुका काढतात.

आदल्या दिवशी संदेश नावाचा माणूस टेम्पोला बांधून एक जुनी अ‍ॅम्बेसेडर घेऊन आला होता. त्याच्या वारलेल्या आजोबांची, आप्पांची गाडी. चाळीस वर्षं आंब्याच्या बागेतल्या शेडमध्ये पडून होती. जाम झालेलं इंजिन त्यानं मोकळं करून आणलं होतं.

"फक्त सेल्फ नवा टाका, चाचा. मुंबईला न्यायचीय."

स्टार्टरला आमच्याकडे सेल्फच म्हणतात.

"हिला पुढून फिरवायचं हँडल असतं. ते कुठंय?" अब्बांनी विचारलं.

"नाहीये," एवढंच म्हणून तो विषय बदलून मोकळा झाला.

त्या दुपारी अब्बा नमाजला गेले होते. दुकानात मी एकटी. बॅटरी टेबलावर चार्जिंगला लावलेली. गोणपाट टाकून मी गाडीखाली शिरले आणि गंजलेला जुना सेल्फ काढून बाहेर ठेवला.

सेल्फ निघाला की तिथं एक भोक दिसतं. आत इंजिनच्या मोठ्या चाकाचे दाते असतात. मी टॉर्च मारून दाते तपासत होते.

तेवढ्यात गाडीच्या पुढून आवाज आला.

"हं..."

जड काहीतरी उचलताना माणूस श्वास दाबतो ना, तसा.

"आलात अब्बा?"

आणि माझ्या डोळ्यांसमोर ते दाते... सरकले.

एकेक करत. सावकाश. अर्धा फेरा झाला आणि थांबले.

गाडीत बॅटरी नव्हती. सेल्फ माझ्या कोपराला लागून पडला होता. मी मान वळवून गाडीच्या पुढच्या बाजूला पाहिलं. कुणाचे पाय दिसत नव्हते. फक्त ओली जमीन.

मी बाहेर आले. बॉनेट उघडंच होतं. रेडिएटरमागचा पंखा हलकेच डुलत होता...

अब्बा आल्यावर मी सांगितलं. ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "काम उरक गो लवकर."

मी नवा सेल्फ बसवला. दोन्ही बोल्ट आवळले. जाड केबल जोडली, चावीची बारीक वायर ओढून घेतली. इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी कुजली होती, ती नवी केली. फक्त बॅटरी जोडायची राहिली.

"न्यूट्रल बघ," अब्बा म्हणाले.

मी गेअर हलवून पाहिला. स्टीअरिंगच्या दांड्यावरचा तो जुना गेअर सैल हलत होता. न्यूट्रलच होता. हे मी कुराणावर हात ठेवून सांगेन.

अब्बा पंख्याचा पट्टा बघायला गाडीच्या पुढे गेले. त्यांच्या मागे आमची चिऱ्याची भिंत. मी टेबलापाशी बॅटरीचे चिमटे सोडवत होते.

"हं..."

या वेळी अब्बांनीही ऐकलं. त्यांनी चमकून बाजूला पाहिलं. तिथं कुणीच नव्हतं.

पंखा अर्धा फेरा फिरला.

आणि गाडी पुढे आली.

चाकाखालचा दगड ओलांडून गाडी पुढे आली. अब्बा ओरडले. बंपर आणि भिंतीच्या मध्ये त्यांचा पाय सापडला होता.

मी दार उघडून आत झेपावले. गेअर पहिल्यात पडला होता. मी तो धरला...

गेअरचा दांडा गरम होता. पावसाळी हवेत बाकीची सगळी गाडी गार, आणि तेवढाच गरम. नुकताच कुणीतरी हात काढून घ्यावा तसा.

दोन्ही हातांनी हिसका दिला तेव्हा तो सुटला. गाडी मागे ढकलून मी अब्बांना बाहेर ओढलं. घोट्याच्या वर हाड दोन ठिकाणी मोडलं होतं.

संध्याकाळी दवाखान्यात संदेश आला. त्याचा चेहरा पडला होता. मग त्यानं सांगितलं.

आप्पांच्या गाडीचा सेल्फ पहिल्याच वर्षी बिघडला. त्यांनी तो दुरुस्तच केला नाही. "चिमा आहे ना," म्हणायचे. चिमा त्यांच्याकडे कामाला होती. आप्पा आत बसायचे, आणि ती पुढून हँडल मारायची. अकरा वर्षं. रोज.

एका सकाळी तिनं हँडल मारलं तेव्हा गाडी गेअरमध्ये होती. तिच्यामागे शेडची भिंत होती... ती वाचली नाही.

"चुकून राहिला गेअर," संदेश म्हणाला. "आजोबांनी हँडल खाडीत फेकलं, गाडी शेडमध्ये लोटली. पुन्हा हात लावला नाही."

अब्बांनी उशीवरून मान उचलली.

"हँडल मारणारी कोण, ते समजलं," ते म्हणाले. "पण बाबा, आज गेअर कुणी टाकला?"

संदेशनं मान खाली घातली.

"आणि अकरा वर्षं न चुकणारा माणूस त्याच दिवशी कसा चुकला?"

तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी गाडीही टेम्पोला बांधून गेली, आमचा नवा सेल्फ बसवलेली.

जानेवारीत मी त्याला फोन केला. गाडी विकली म्हणाला. चावी फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू होते म्हणे. जुन्या गाड्यांची हौस असणाऱ्या कुणीतरी घेतली.

"त्यांना सांगितलंत का?"

तो विषय बदलायला लागला.

"निदान एवढं तरी सांगा, गाडीच्या पुढे उभे राहू नका म्हणावं."

"ताई, असं सांगितलं असतं तर कुणी घेतली असती का?"

त्यानं फोन ठेवला. त्यानंतर तो उचलत नाही.

गाडी कुठल्या गावात आहे, मला माहीत नाही. पण बॉनेट उघडायचं तर माणसाला पुढेच उभं राहावं लागतं...