आसारामभाऊजींची गाडी

ही गोष्ट मी रचली असती, तर तिला नीट शेवट दिला असता.

जिच्यावर हे बेतलं ती रत्नमालाताई आजही त्याच घरात राहते. म्हणून गावाचं नाव घेत नाही. लाखनीहून दहा-बारा किलोमीटर, एवढंच धरा. तिचा धाकटा भाऊ धनराज, माझा मामेभाऊ. लाखनीत हायवेला लागून त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं सांगितलं तसंच लिहितो आहे.

दोन वर्षांपूर्वीचा कार्तिक. अमावास्येच्या आदल्या दिवसाची सांज.

त्याच्या दीड महिना आधी ताईचा नवरा आसाराम तलावात जाळं टाकायला गेला, तो परतलाच नाही. डोंगा उलटा तरंगताना सापडला. त्याची जुनी मोटारसायकल पाळीवर, तलावाच्या बांधावर, उभी होती, चावी लावलेली. तीन दिवस लोकांनी पाणी ढवळून काढलं.

आसाराम नाही.

सासू सखाबाई म्हणत होती, पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळू, माझ्या पोराची वाट मोकळी होऊ दे. ताई मात्र बांगड्या फोडायला तयार नव्हती.

कारण ती गाडी.

आता मासोळ्या बाजारात न्यायला ताईच ती चालवायची. त्या सांजेच्या दोन दिवस आधी तिनं गाडी धनराजच्या दुकानापुढं आणून उभी केली.

"धना, पाळीवर आली का लाईट मिचकते. अन् इंजनात कोनीतरी ठोकते."

"जुनी गाडी आहे ताई, ठोकनच."

"मंग पाहून सांग. फॉल्ट असन तर मी बांगड्या फोडतो. नसन..." ती थांबली. "नसन तर ते मले बोलावून राहिले. मंग माह्या बांगडीले कोनी हात नाही लावाचा."

एका बाईचं कुंकू एका मिस्त्रीच्या निदानाशी येऊन टेकलं होतं.

धनराजनं दोन दिवस गाडी उकलली. बॅटरीची टोकं घासली. अर्थिंग पाहिली. हँडल डावी-उजवीकडे वळवून वायर कुठं चेंबते का तेही बघितलं. मग लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घेतला. टोक इंजिनाला, मूठ कानाला. आतला आवाज असाच हुडकतात. जिथं मोठा, तिथं बिघाड.

"काहो डाक्टर, जगते का पेशंट?" शेजारच्या टपरीवरून कैलाश ओरडला.

"तुह्या चायपेक्षा तब्येत बरी आहे."

खरंच बरी होती. इंजिन शिलाई मशीनसारखं चालत होतं. लाईट देवळातल्या समईगत स्थिर.

बिघाड पाळीवरच होतो ना? मग तिथंच बघू. असं म्हणून त्या सांजेला तो स्वतः गाडीवर बसला.

पाळीवर चढला तेव्हा पश्चिमेला केशरी रेघ तेवढी उरली होती. कापलेल्या धानाचा वास येत होता. तुडुमापर्यंत, म्हणजे पाणी सोडायच्या जुन्या दारापर्यंत, काहीच झालं नाही.

तिथं लाईट मिचकली...

दोनदा झटकन. मग थांबून एकदा.

धनराज उतरला. इंजिन चालू ठेवून हँडल वळवलं. रेस दिली. ब्रेक दाबला. फरक नाही. दोनदा झटकन, मग एकदा.

होल्डर सैल असेल. त्यानं पुढची काच उघडली, होल्डर ओढून वायरींपासून वेगळा केला.

होल्डर त्याच्या हातात होता. एकही वायर जोडलेली नव्हती.

बल्ब पेटला... विझला... पेटला.

तरी मिस्त्रीचं डोकं मिस्त्रीच्याच वाटेनं चालतं. त्यानं पेचकस काढला. मूठ कानाला, टोक इंजिनाच्या वरच्या भागाला. काही नाही. मधल्या भागाला. काही नाही. अगदी खाली, जिथं ऑईल असतं...

ठक ठक... ठक.

त्यानं चावी फिरवली. इंजिन बंद झालं.

ठक ठक... ठक.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं, बेडूक बोलत नाहीत. रातकिडे नाहीत. पाण्यावर एक पान हलत नाही.

आवाज इंजिनातला नव्हता. मग कुठला? त्यानं पेचकसाचं टोक स्टँडला लावलं. आवाज मोठा झाला. पाळीच्या मातीत खुपसलं. आणखी मोठा. तो उतारावरून बसत बसत खाली गेला आणि टोक पाण्यात बुडवलं...

कानात कुणी दार ठोठावावं तसा आवाज.

तो ठोका त्याला पाठ होता. मासे जाळ्याकडे हाकलायला मासेमार ढिवर डोंग्याच्या काठावर बांबू ठोकतात. प्रत्येकाचा ठोका वेगळा. पाळीवर बसलेल्या बायका अंधारातही ओळखतात, कोणाचा डोंगा कुठं आहे. आसारामचा ठोका हाच. दोन लागोपाठ, मग एक.

"भाऊजी?" धनराजच्या तोंडून निघून गेलं.

ठोका थांबला.

एक क्षण. दोन क्षण.

मग सुरू झाला... भराभर, भराभर, पाण्यातून काठाकडे येत.

पेचकस तिथंच टाकून धनराज पळाला.

ताईच्या घराजवळ पोचला तर ती दारात बसली होती. जात्यावर गातात तसं हळू गुणगुणत...

*तलाव भरला काठोकाठ, वर कमळाचं पान*
*धनी माझा पान्यापाशी, दारी ठेवते मी कान*

त्याला बघून ती उठली. मागं सखाबाई येऊन उभी राहिली.

"काय निघालं धना? फॉल्ट होता का?"

धनराजनं बहिणीकडं पाहिलं. खरं सांगितलं तर ही रोज सांजेला पाळीवर जाईल. आणि एक दिवस पाण्यात उतरेल. ते त्याला डोळ्यांपुढं लख्ख दिसलं.

"होता ताई," तो म्हणाला. "अर्थिंगची वायर तुटली होती."

 ताईनं उंबऱ्यावर बसून दोन्ही हात आपटले, बांगड्या फुटल्या.

दुसऱ्या दिवशी पळसाच्या पानांचा पुतळा जळाला. त्यानंतर गाडी पाळीवरूनही सरळ चालू लागली. ना मिचकणं, ना ठोकणं. धनराजला वाटलं, सुटलो.

वैशाखात तलाव आटला. अख्खं गाव भेगाळलेल्या गाळातून फिरलं.

आसारामचं एक हाडही सापडलं नाही.

जेठ लागला आणि एका दिवशी उन्हं कलल्यावर ताई लाखनीला दुकानात आली. पाणी प्यायली. पदरानं तोंड पुसलं.

"धना, खरं सांग. त्या दिवशी फॉल्टच होता ना?"

एकदा बोललेलं खोटं परत बोलायला जड जात नाही.

"होता ताई."

"मंग ठीक आहे." तिच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की धनराज बघतच राहिला. ती ऑटोत बसली आणि वाकून म्हणाली, "आठ दिवस झाले, सांजेले दार वाजते. मी भेलो. म्हटलं, पान्यातलं काही लागलं मांगं. पन गाडीत फॉल्टच होता म्हनतोस, तलावात हाडबी नाही... म्हंजे पान्यात कोनी नव्हतंच, ते मेलेच नाहीत. कुठून तरी परत आले. आज दार उघडतो."

"ताई, थांब!"

ऑटो ट्रकांच्या गर्दीत शिरला होता.

दुकानात चालण्याजोगी एकच गाडी होती, तिचं मागलं चाक बसवायलाच तासभर गेला. तो पोचला तेव्हा दिवस मावळला होता.

दार सताड उघडं. ओसरीवर सखाबाई भिंतीला चिकटून बसली होती, पदर तोंडात कोंबून. आत चुलीपुढं ताई. कपाळावर ताजं कुंकू. तिच्यापुढं दोन ताटं वाढलेली.

दुसऱ्या पाटावर कोणी नव्हतं.

"ताई..."

तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, धना. ते जेवून राहिले."

ताटातला भात अर्धा झाला होता.

सखाबाई दुसऱ्या दिवशीच लेकीकडं राहायला गेली, ती परत आली नाही. धनराज आता कुठल्याही इंजिनाला कान लावत नाही. आवाज कसा येतो ते गिऱ्हाइकालाच विचारतो.

ताई सुखात आहे. अंगानं भरली आहे. गावात कोणी काही विचारत नाही, तीही सांगत नाही.

ताईला खरं सांगून टाकायचं, असं धनराज दर महिन्याला ठरवतो. पण ते एकांतात सांगायला हवं.

आणि ताई त्याला एकटी कधी सापडत नाही.