अर्धी उठलेली म्हातारी

दिवा थोडा इकडे सरकवा. हं, पुरे. वहिनी आत आहे तोवर सांगते, नाहीतर ती "पुरे आता" म्हणून मध्येच गप्प बसवते मला.

त्या दिवशी दुपारी मी बल्ब आणायला गेले होते. सेटवरचा एक बल्ब उडाला की आम्ही सगळेच बदलतो, नाहीतर नव्याजुन्या उजेडात फरक पडतो आणि पडद्यावर भिंती लुकलुकतात. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला हे इतक्या वर्षांत पटलेलं नाही. "बाकीचे चांगले असताना कशाला?" असं तो दर वेळी विचारतो आणि मी दर वेळी "हौस" म्हणते.

आमचं काम बाहुल्यांच्या सिनेमाचं. बाहुली केसभर हलवायची, एक फोटो घ्यायचा. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. ते फोटो भराभर एकामागून एक दाखवले की बाहुली चालायला लागते. अख्खा दिवस राबावं तेव्हा बाईसाहेब दोन पावलं टाकणार! हलवायची ताई, बटण दाबायची मी. जन्मभर हीच वाटणी. तिने कधी कॅमेऱ्याला बोट लावलं नाही आणि मी कधी बाहुलीला. या कामात हमखास होणारी चूक म्हणजे हलवणाऱ्याचा हात फोटोत राहून जाणं. म्हणून बटण दाबण्याआधी मी विचारायचे, "हात?" ताई म्हणायची, "बाहेर." मग खट्. दिवसेंदिवस आम्हा बहिणींमध्ये दुसरं बोलणं होत नसे, पण खोली भरल्यासारखी वाटायची.

ताई गेली ती शॉट चालू असताना. सिनेमाचा शेवटचाच शॉट होता. म्हातारीची बाहुली खुर्चीतून उठते, दार उघडते आणि घराबाहेर जाते. म्हातारी अर्धी उठली होती. "जरा पडते गं," म्हणून ताई आतल्या खाटेवर आडवी झाली, ती पुन्हा उठलीच नाही.

तेव्हापासून म्हातारी तशीच. गुडघे वाकलेले, एक हात खुर्चीच्या दांडीवर. सेटला धक्का लागला असता तर शॉट वाया गेला असता, म्हणून मी त्याच जागेत जपून पावलं टाकत दिवस काढत होते. इकडून वहिनीचा रोज फोन.

"छोटी, तुझी खोली झाडूनपुसून ठेवलीय."

"शॉट पुरा झाला की येते."

"अगं, पण करणार कोण तो?"

केस पिकले तरी या घरात मी छोटीच. खरं सांगायचं तर तो शॉट पुरा व्हायलाच नको होता मला. म्हातारी दाराबाहेर गेली की ताईचं हातचं काम संपलं, मग मागे काय उरणार? फार एकटं वाटायचं हो. पण जागेचा मालक खोली रिकामी करा म्हणून मागे लागला होता. शेवटी त्या दुपारी मन घट्ट केलं.

नवे बल्ब लावले, काळा पडदा ओढला. बल्ब तापले की त्यांच्यावरची धूळ करपल्याचा एक वास येतो, तो आला. म्हातारीच्या कोपराला हात लावायला गेले आणि तसाच मागे घेतला. नाही जमलं. कॅमेऱ्यामागच्या माझ्या स्टुलावर येऊन बसले आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "हात?"

कोण बोलणार? मी बटण दाबलं.

फोटो पाहिला. म्हातारीच्या कोपराखाली दोन बोटं होती. मधल्या बोटाचं नख काळं होतं. ते नख मी ओळखते. सेटचा खिळा ठोकताना ताईने हातोडी मारून घेतली होती त्याच्यावर.

मान वर करून पाहिलं तर सेटवर कोणी नव्हतं. कोपर मात्र केसभर उचललेलं होतं.

भीती? छे. मी रडले, आनंदाने रडले. "ताई, हात बाहेर घे ना गं, फोटो बिघडतोय," असंही म्हटलं. पुढच्या फोटोत हात नव्हता. मग आम्ही पूर्वीसारख्याच कामाला लागलो. मी खट् करायचे, ती हलवायची. म्हातारी उठून उभी राहिली, दोन पावलांवरच्या दारापर्यंत गेली, कडीला हात लावला. तिथे मी बटणावरचा हात काढला.

"ताई, घाई काय आहे? उरलेलं उद्या करू... मग परवा. आपण दोघी इथेच राहू की..."

म्हातारीची मान हळूच माझ्याकडे वळली. मी फोटो घेतला नव्हता.

मग मी भिंतीकडच्या आरामखुर्चीत जाऊन बसले. पाठ मोडून गेली होती. बसल्या बसल्या डोळा लागला.

जाग आली ती इथे, या दारात. उभी होते, पायात चप्पल नव्हती आणि एक हात घंटीकडे उचललेला होता. वहिनीने दार उघडलं आणि मला पोटाशी धरलं. कशी आले, काही आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ मला घेऊन सामान आवरायला निघाला, तेव्हा दुकानदाराने आम्हाला थांबवलं.

"काल रात्री यांना बरं नव्हतं का?" त्याने भावाला विचारलं. "रस्त्यात थांबत होत्या. एक पाय वर उचललेला... तसाच, अधांतरी. मग जरा पुढे. मग पुन्हा. मी हाक मारली तर पापणीसुद्धा हलली नाही."

खोलीत पाहिलं तर कॅमेरा सेटकडे नव्हता. कोणीतरी तो आरामखुर्चीकडे वळवला होता. मी न घेतलेले कितीतरी फोटो त्यात होते. ते भराभर पुढे सरकवले आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर मी दिसले. डोळे मिटलेले. मान वर आली, गुडघे सरळ झाले, मी उठून दाराकडे चालू लागले. अगदी बाहुलीसारखी, आणि चांगली चालत होते हो. ताईचं काम कधी अडखळलेलं मी पाहिलं नाही.

"हे कोणी काढलं?" भावाने विचारलं.

"ताईने."

"काहीतरीच काय? ताई कुठे कॅमेऱ्याला हात लावायची?"

मी कॅमेरा बंद केला. मनातून दुखावले होते. ताईने मला बाहेर काढलं होतं, एवढंच तेव्हा समजलं. म्हातारीला आम्ही कापडात गुंडाळलं, खोके भरले, दार लावलं. भावाने किल्ली मालकाच्या हातात दिली.

इथे आल्यावर मी ते फोटो एकेक करून, थांबवून पाहिले. भराभर बघताना लक्षात आलं नव्हतं, पण प्रत्येक फोटोत ताईचे हात होते. दोन्ही हात. एक माझ्या कोपराखाली, एक टाचेला. हात बाहेर घ्यायला तिला कोणी वेळच दिला नसावा, किंवा तिला तेवढा धीर धरवला नसेल. पण तिचे दोन्ही हात माझ्यावर होते, तर माझ्या स्टुलावर बसून बटण कोण दाबत होतं?

शेवटच्या फोटोत मी उंबऱ्यावर आहे. त्यात पहिल्यांदा ताईचा चेहरा आलाय. ती मला पाठीत रेटतेय, पण बघतेय मात्र मागे, कॅमेऱ्याकडे, त्याच्यामागे जे कोणी आहे त्याच्याकडे. एवढी घाबरलेली ताई मी आयुष्यात पाहिली नव्हती.

मला तिने सोडवलं. आणि आम्ही तिला आत ठेवून कुलूप लावून आलो.